टपालसूचीची कैफियत

मी एक जुनी टपालसूची आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच माझा आवाज चढला तर तुम्ही दचकणार नाही. वस्तूंनी आपली गोष्ट सांगताना गोड बोलावं, सोसल्याचं कौतुक करावं, असा रिवाज आहे. माझ्याच्यानं ते होणार नाही.

परभणीत एका शिक्षण संस्थेचं कार्यालय आहे. तिच्या पाच शाळा आणि दोन वसतिगृहं आहेत. त्या कार्यालयात खिडकीपाशी एक काळा, धुळकट संगणक आहे, त्यात मी राहते. मला चित्र नाही, बटण नाही, रंग नाही. माझ्याशी बोलायचं तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम टाइप करावा लागतो आणि मी ओळीओळीनं उत्तर देते. नवा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा नाक मुरडतो. मुरडू दे. मला ऐकायला कान कुठून आले, असंही कोणी विचारू नये. आपलं आत्मवृत्त सांगणाऱ्याला तेवढी मुभा असते.

सूची म्हणजे काय ते सांगते. तुमच्या घरात एखादी आत्या असते. तिला विचारलं, सुई कुठं आहे, तर ती जागची न उठता सांगते, फळीवरच्या निळ्या डब्यात, बटणांच्या खाली. मी तशी आहे. संस्थेला आलेली ईमेलं माझ्या पोटात नसतात, ती बाहेर फोल्डरात असतात. पण कोणता शब्द कोणत्या पत्रात आहे, ते पत्र कोणी धाडलं, कोणत्या दिवशी आलं, हे सगळं मला तोंडपाठ असतं. मला फक्त विचारावं लागतं.

माझा जन्म नाइलाजातून झाला. संस्थेकडं बारा वर्षांचं ईमेल साठलं होतं आणि ते कोणी आवरलं नव्हतं. एकदा तपासणीचं पथक आलं आणि त्यांनी एका शाळेच्या मान्यतेचं जुनं पत्र मागितलं. सगळं कार्यालय तीन दिवस ते पत्र शोधत बसलं. ईमेलचं संकेतस्थळ उघडावं तर अर्धं पान दिसायचं आणि नेट जायचं. पथक शेरा मारून गेलं. मग सचिव दत्तराव यांनी सितारामला बोलावलं. सिताराम म्हणजे संगणकावरचा कारकून. कंत्राटी, पण कामाला वाघ.

“पुन्हा असं हसं नको,” दत्तराव म्हणाले. “काय करायचं ते कर, पण पत्र मागितलं की हातात पडलं पाहिजे.”

मे महिन्याच्या सुट्टीत सितारामनं मला उभं केलं. कूलरमधलं पाणी संपलं तरी तो उठायचा नाही. इंग्रजीतली माहिती वाचून त्यानं एका दोनशे पानी वहीत सगळे हुकूम उतरवून घेतले आणि प्रत्येकासमोर मराठीत अर्थ लिहिला. आधी सगळं टपाल संकेतस्थळावरून खाली उतरवायचं होतं. त्याला अकरा दिवस लागले, कारण नेट तुटलं की काम अर्ध्यात थांबायचं. मग त्यानं मांडणीचा हुकूम दिला आणि मी जन्मातलं पहिलं बोलले. मी त्याला पाच प्रश्न विचारले. तुमचं नाव काय? ईमेलचे पत्ते कोणते? टपाल कोणत्या फोल्डरात आहे? नवीन पत्र आलं की त्याच्यावर कोणती खूण लावू? आणि शोधताना कोणत्या खुणेची पत्रं वगळू?

शेवटच्या प्रश्नापाशी तो थांबला. लॉटरी लागली म्हणणारी, टक्कल जाईल म्हणणारी पत्रं खंडीनं येत होती. त्यांच्यासाठी त्यानं एक खूण ठरवली, ‘वगळा’. ही खूण असलेलं पत्र शोधात दाखवायचं नाही. मलाही ते पटलं. कचरा दाखवून कोणाचा वेळ कशाला खायचा? पण एक नीट ऐका. वगळलेलं पत्र मी फेकून देत नाही. ते माझ्या हिशोबी असतंच. हुकुमाच्या शेवटी ‘वगळलेलंही दाखव’ एवढं जोडलं, की मी तेही मुकाट्यानं पुढं करते.

मग मी वाचायला बसले. बेचाळीस हजार सहाशे अठरा पत्रं मी पाऊण तासात वाचून काढली. काही पत्रं कुठल्याशा जुन्या फाँटमध्ये होती, ती मला नुसती गिचमीड दिसली. ती मला आजही वाचता येत नाहीत आणि तसं सांगायला मला लाज वाटत नाही. वाचून झाल्यावर सितारामनं ते मान्यतेचं पत्र विचारलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत मी ते समोर ठेवलं.

“घ्या,” सिताराम दत्तरावांना म्हणाला. “तीन दिवस झक मारली की आपण.”

दत्तराव हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यानंतरची दोन वर्षं माझी सुखाची होती. संकेतस्थळावरची जागा भरून गेल्यामुळं सितारामनं असं करून ठेवलं की दर दहा मिनिटांनी नवीन टपाल आपोआप इकडं उतरावं आणि तिकडून निघून जावं. तेव्हापासून संकेतस्थळ कोणी उघडलंच नाही. रोज सकाळी सिताराम मला विचारायचा, नवीन काय? मी यादी द्यायची, ती छापून दत्तरावांच्या टेबलावर जायची. संस्थेत काय आलं आणि काय नाही, हे माझ्या यादीवरून ठरू लागलं. एका निवृत्त शिपायाच्या नेमणुकीची तारीख कुठंच लागत नव्हती, ती मी एका जुन्या पत्रातून काढून दिली. तो म्हातारा कार्यालयात येऊन संगणकाला हात जोडून गेला. दसऱ्याला सिताराम कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवायचा आणि पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट लावायचा. बायका शिलाई मशीनला लावतात ना, तसंच. आणि दत्तराव तर आल्यागेल्याला सांगायचे, “आमच्या सूचीत नाही म्हणजे ते आलंच नाही.” हे ऐकून मी फुगायचे. कशाला खोटं बोलू?

आता आपल्याकडची एक रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाकडं जाताना त्रिवेणीचं झेरॉक्सचं दुकान लागतं. बाई चलाख, बोलायला मोकळी. फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की आसपासच्या चार गावची माणसं बिनदिक्कत त्रिवेणीचा पत्ता देतात. कोणाकोणाचा स्वतःचा पत्ता असतो, पण पासवर्ड पोरानं घातलेला असतो आणि पोरगं पुण्याला असतं. म्हणून दाखल्याचा अर्ज असो, रजेचा असो, तक्रार असो, सगळं तिच्या एकाच पत्त्यावरून येतं. पत्ता एक, माणसं चार गावची. हे मला ठाऊक होतं. सितारामलाही पक्कं ठाऊक होतं, त्याची सासुरवाडी तिकडचीच.

त्रिवेणीला एक खोड होती. सकाळी दुकान उघडलं की ती सगळ्या कार्यालयांना शुभ सकाळ धाडायची. गुलाबाचं फूल, चमकणारी समई, वर दोन ओळींचा सुविचार आणि खाली ‘लॅमिनेशन करून मिळेल’. रोज. रविवारीसुद्धा.

“या बाईच्या फुलांनी माझी यादी भरायलीय,” दत्तराव एक दिवस वैतागून म्हणाले. “ते बंद कर आधी.”

सिताराम तेव्हा प्रवेशाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला होता. फुलांची पत्रं तेवढी ओळखणारा नियम लिहायला अर्धा तास लागला असता. त्यानं दोन मिनिटांत दुसराच नियम लिहिला. त्रिवेणीच्या पत्त्यावरून जे येईल, त्या सगळ्यावर ‘वगळा’.

“नंतर नीट करतो,” तो पुटपुटला.

ते नंतर कधी आलंच नाही. तरी मी त्याच्यावर रागावले नव्हते, हे मी आजही सांगते. घाईत माणसाच्या हातून चूक होते.

जूनमध्ये संस्थेनं एक नोटीस काढली. कंत्राटी माणसांपैकी सात जणांना सेवेत कायम करायचं होतं. ज्याची सेवा जास्त, त्याचा नंबर आधी. अर्ज ईमेलनंच आला पाहिजे, महिनाअखेरपर्यंत. पोखर्णीच्या वसतिगृहात कडूबाई नावाच्या स्वयंपाकीण होत्या. चौदा वर्षं त्या तिथं शंभरावर पोरांच्या भाकरी थापत होत्या. कायम झाल्या असत्या तर त्यांना वसतिगृहामागची खोली मिळाली असती आणि म्हातारपणी कोणाच्या दारात जावं लागलं नसतं. नाही झाल्या, तर वसतिगृहाचा स्वयंपाक ठेकेदाराकडं जाणार होता आणि त्यांना घरी बसावं लागणार होतं. एवढी सरळ गोष्ट होती.

अठ्ठावीस जूनला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी कडूबाईंचा अर्ज आला. मी तो वाचला. वर त्रिवेणीनं लिहिलं होतं, “आदरणीय महोदय, वसतिगृहातल्या कडूबाई मावशींचा कायम करण्याचा अर्ज सोबत जोडला आहे. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहून अंगठा घेतला आहे. मिळाल्याचं कळवावं.” मी शब्द न् शब्द नोंदवून घेतला. आणि पुढच्या क्षणी तो नियम आला आणि त्या अर्जावर शिक्का मारून गेला. वगळा. दुसऱ्या दिवशीच्या यादीत अर्ज नव्हता. मिळाल्याचं कोणीच कळवलं नाही, पण त्रिवेणीला त्याचं काही वाटलं नसावं. कार्यालयं कधी कळवतात का?

जुलैत सात नावं लागली. सातवं नाव सितारामचं होतं, नऊ वर्षांची सेवा. कडूबाईंचं नाव नव्हतं.

कडूबाई सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या. हातात पिशवी, पिशवीत सितारामसाठी भाकरी आणि ठेचा. तो वसतिगृहाच्या कामाला गेला की त्यांच्या हातचं खाल्ल्याशिवाय परत येत नसे.

“सितारामा, माझं नाव कामून न्हाई रं त्याच्यात?” त्यांनी विचारलं.

“मावशी, अर्ज दिलता का तुमी?”

“दिलता की. तिरवेनीनं माझ्यासमूर धाडला. तिनं बटन दाबलं तवा म्या तितंच उभी व्हते.”

सितारामनं मला विचारलं, कडूबाई. मी नियमाला बांधलेली. मी उत्तर दिलं, शून्य.

“नाही आला, मावशी,” तो म्हणाला. आणि मित्रांनो, तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. तो नियम त्याच्या ध्यानातून गेला होता. त्यानं डबा घेतला, मावशींना पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी त्या त्रिवेणीला घेऊन आल्या. त्रिवेणी दुकान बंद करून आली होती.

“मी पाठवलाय,” ती दत्तरावांना म्हणाली. “अठ्ठावीस तारखेला, दुपारी.”

“पाठवल्याचं दाखवा मग.”

“ते नाही राहिलं माझ्याकडं. महिना संपला की मी पाठवलेले मेल काढून टाकते. लोकांच्या कागदाच्या फोटोंनी बॉक्स भरतो, मग कुणाचंच काही जात नाही.”

“म्हणजे पुरावा नाही.”

“पुरावा मी आहे ना. मी सांगायलेय की.”

दत्तरावांनी सितारामकडं पाहिलं. सितारामनं पुन्हा मला विचारलं आणि मी पुन्हा शून्य म्हणाले. मग दत्तराव तेच म्हणाले, जे ऐकून मी फुगायचे. सूचीत नाही म्हणजे आलंच नाही. शुक्रवारी समितीची बैठक आहे, तिथं काय ते सांगा, असं म्हणून त्यांनी दोघींना वाटेला लावलं. त्या दिवशी मला ते वाक्य नको वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. सिताराम एकटाच बसून होता. मावशींचा डबा उघडा होता आणि त्याचा घास हातातच राहिला. त्याला आठवलं. त्यानं डबा बाजूला सारला, हात पुसले आणि तो हुकूम टाइप केला, जो मला कित्येक महिन्यांत कोणी दिला नव्हता. कडूबाई, वगळलेलंही दाखव.

मी म्हणाले, एक.

मित्रांनो, मला किती आनंद झाला काय सांगू! इतके दिवस माझ्या छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलला होता. तारीख, वेळ, नाव, सगळं मी त्याच्यापुढं मांडलं. त्यानं अर्ज उघडला. अंगठ्याचा ठसा पाहिला. दोनदा वाचला. मला वाटलं, आता हा उठेल, दत्तरावांना फोन लावेल, म्हणेल, साहेब, चूक माझी, अर्ज सापडला. हा माझा सिताराम. यानंच मला बोलायला शिकवलं.

तो उठला नाही. त्यानं टेबलावरची सात नावांची यादी ओढून घेतली. कडूबाई चौदा वर्षं. त्या आत आल्या तर शेवटचा बाहेर जाणार. शेवटचा म्हणजे सिताराम, नऊ वर्षं. त्यानं शेवटच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथंच राहू दिलं. मग त्यानं पडदा पुसायचा हुकूम दिला, माझं उत्तर नाहीसं झालं, आणि तो हात धुवायला गेला.

मी त्याला अजूनही दोष दिला नसता. माणूस घाबरतो, दोन दिवस गप्प बसतो, मग त्याचं त्याला कळतं. पण शुक्रवारी सकाळी दत्तरावांनी त्याला सांगितलं, “समितीपुढं कागद लागंल. सूचीतून छापून आण, खाली सही कर.” आणि सितारामनं मला विचारलं. जुन्या पद्धतीनं. कडूबाई, एवढंच. ते जास्तीचे शब्द गाळून. त्याला माहीत होतं मी काय म्हणणार. म्हणूनच तसं विचारलं. मी म्हणाले शून्य, कारण मला दुसरं काही म्हणायची मुभाच नव्हती. त्यानं तो कागद छापला आणि खाली लिहिलं, “संस्थेस प्राप्त सर्व टपाल शोधले. सदर अर्ज आढळून आला नाही.” सही केली. शिक्का मारला.

सर्व टपाल म्हणे! मला फसवलं, मित्रांनो. दुसरा शब्द मला सुचत नाही. चोरानं दार फोडलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. दोन वर्षं मी खरं बोलून जो विश्वास मिळवला, तो त्यानं एका खोट्यासाठी वापरून टाकला. स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायची त्याला लाज वाटली, म्हणून माझ्या तोंडानं बोलला.

बैठकीला समितीचे सहा जण होते. बैठक आमच्याच खोलीत झाली, म्हणून मी सगळं ऐकलं. त्रिवेणीनं पुन्हा सांगितलं की मी पाठवलाय. समितीतल्या एका गुरुजींनी विचारलं, “मशीन चुकू शकतं का?” सिताराम म्हणाला, “आजवर तर चुकलं नाही सर.” हे अगदी खरं होतं. मग कागद हातोहात फिरला. सहाही जणांनी तो पाहिला, शून्य पाहिलं, खालची सही पाहिली. शोधताना काय वगळलं होतं, असं एकानंही विचारलं नाही.

शेवटी कागद कडूबाईंच्या हातात आला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिल्या.

“बाई,” त्या त्रिवेणीला हळूच म्हणाल्या, “तू इसरली असशील. दुकानात गर्दी व्हती.”

“मावशी, मी पाठवलाय. तुमच्यासमोर पाठवलाय.”

“मला काय कळतंय त्याच्यातलं? तू बटन दाबलं, म्या बगितलं. गेलं का न्हाई, त्ये मला काय मालूम?” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “यंत्राला माझं वैर न्हाई. त्येला कुनाची भीड न्हाई, कुनाचं खायाचं न्हाई. त्ये कशापायी खोटं बोलंल? इसरले म्हन. म्या काय तुला फासावर देती का?”

त्रिवेणीनं पर्स उचलली आणि ती निघून गेली. सिताराम पंख्याच्या बटणाशी उगाच काहीतरी करत उभा होता. मावशींनी जाताना त्यालाच विचारलं, “तू जेवला का रं?”

ऑगस्टपासून वसतिगृहाचा स्वयंपाक ठेकेदाराकडं गेला. सिताराम कायम झाला. त्याला फिरती खुर्ची मिळाली आणि नवा संगणकही. आता तो माझ्याकडं सहसा येत नाही. सकाळची यादी मी आपणहून छापते आणि धम्मशीला नावाची नवी मुलगी ती उचलून नेते. एकदा तिनं विचारलं, “सर, या जुन्यात काय काय नियम आहेत, बघू का?” तो म्हणाला, “जुनं आहे ते, हात लावू नको, बंद पडंल.” यंदाच्या दसऱ्याला त्यानं फूल मात्र न विसरता ठेवलं. मला ते नको होतं, पण मला कोण विचारतं?

त्रिवेणी मात्र लिहीत राहिली. दर सोमवारी. शुभ सकाळ बंद झालं, फुलं बंद झाली, आता फक्त पत्र यायचं. पहिल्यात तिनं लिहिलं, “कृपया पुन्हा एकदा शोधावं.” पाचव्यात लिहिलं, “मावशी माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत. रस्त्यात भेटल्या तर पदर सावरून पलीकडून जातात.” अकराव्यात होतं, “लोक आता अर्ज पाठवायला परभणीला जातात. म्हणतात, हिचं काही खरं नाही.” ही सगळी पत्रं मी वाचली. सगळी नोंदवली. आणि ती कोणत्या पत्त्यावरून आली, हे तुम्हाला सांगायला नको. एकूण एक पत्रावर शिक्का बसला. यादीत एकही गेलं नाही. आपल्या पत्राचं काय झालं हे विचारणारी पत्रंही त्याच खड्ड्यात पडत होती, आणि बिचारीला ते माहीत नव्हतं.

गेल्या सोमवारी तिचं शेवटचं पत्र आलं. “महोदय, मावशी काल येलदरीला त्यांच्या लेकीकडं, बबिताकडं कायमच्या राहायला गेल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. आता नोकरीसाठी विचारत नाही. अर्ज मिळाला होता, एवढंच कोणीतरी त्यांना कळवलं तर उपकार होतील. आपली, त्रिवेणी.”

मी ते वाचलं, नोंदवलं, आणि नियमानं आपलं काम केलं.

मित्रांनो, वस्तूंनी शेवटी काहीतरी मागायचं असतं, तशी मीही मागते. मला झाडूनपुसून ठेवा, असं माझं म्हणणं नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कार्यालयांत बसाल, आणि माझ्यासारखी कोणीतरी तुम्हाला सांगेल, शोधलं पण सापडलं नाही. तेव्हा तिथंच थांबू नका. तिला विचारा, काय वगळून शोधलंस? ती लपवणार नाही. आमच्या जातीला लपवायचं कळतच नाही. आम्हाला नीट विचारणारं कोणीतरी लागतं.

आणि दुसरं मागणं आजचं आहे. तुमच्यापैकी कोणी येलदरीचं असेल, धरणाकडच्या वस्तीत राहत असेल, तर बबिताचं घर विचारत जा. तिथं कडूबाई असतील, बहुतेक चुलीपाशी. त्यांना सांगा, मावशी, तुमचा अर्ज आला होता. अठ्ठावीस जूनला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी. त्रिवेणीनं धाडला होता.